पत्रिकेच्या आत घातलेला कागद

ताई म्हणाली, एक पान लिही, फॉर्मल,
पुण्याच्या लोकांना सोपं पडेल असं.
तर लिहितो.

मुहूर्त बारा सदतीसचा.
सदतीस म्हणजे सदतीसच,
आमचे पंतुलु रेल्वेतून रिटायर झालेत.
सकाळच्या गाडीनं आलात तर साडेदहाला स्टेशनात.
बाहेर पडल्यावर नरसिंग उभा असेल पाटी घेऊन.
पाटीवर पेंडसे हे नाव त्यानं स्वतः लिहिलंय,
एखादी मात्रा कमी असली तरी तुम्हीच ते.

हॉल होटगी रोडला. एसी आहे.
एसीची मॅनेजरनं दोनदा शपथ घेतलीय.
तरी एप्रिल आहे आणि सोलापूर आहे.
सूट घालणार असाल तर आतला सदरा सुती घाला,
आणि स्टेशनपासून हॉलपर्यंत कोट हातावर.

कार्डावर ‘फिकट रंग’ छापलंय ते ताईचं.
आमच्याकडच्या बायका फिकट म्हणतात
धुवून धुवून उतरलेल्या साडीला.
तेव्हा डावीकडच्या खुर्च्यांत राणी, मोरपिशी,
हळदी, गर्द जांभळा दिसेल.
दचकू नका.

तेलुगू ऐकू येईल, थोडी कन्नड,
मराठीही, पण आमची.
‘काय करलालाव?’ कुणी विचारलं
तर ती चौकशी आहे,
भांडण नाही.

आधी जिरं-गूळ, एकमेकांच्या डोक्यावर.
तेव्हा वाजंत्री एकदम अंगावर येते, लहान मुलांना धरा.
मग तुमच्या मंगलाष्टका. पाच ठरल्यात.
सहावी कुणाच्या आत्याला सुचली तर आवरा,
मुठीतल्या अक्षता घामानं चिकटतात.

जेवण एकपासून. पास्ता आहे.
शेंगाचटणी काउंटरवर नाही,
ती चिलका मावशीच्या पिशवीत आहे,
मागितली तरच मिळते, आणि मागावीच.
हात धुवायला पाणी भरपूर, हॉलवाल्यांनी टँकर सांगितलाय.
आमच्या गल्लीत ते पाचव्या दिवशी येतं,
म्हणून आमची माणसं तुमच्यानंतर जाऊन
नळ नीट बंद झालाय का बघतील.
राग मानू नका.

आहेर आणू नका. खरंच आणू नका.
जाताना प्रत्येकाला एक टॉवेल मिळेल.
नायनांनी विणलाय, आपल्याच मागावर.
दोनशे चाळीस विणले आणि माग वजनावर गेला.
शेवटच्या काहींत मधेच एखादा धागा सुटलाय,
त्यांना दिसलं होतं, त्यांनी उसवलं नाही.
तसा आला तर बदलून मागू नका.
पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात भिजवा.
रंग जाणार नाही. तरी भिजवा.

दारात गुलाबपाणी घेऊन आई असेल, राजमणी येमूल.
बोलेल कमी. मराठी येते तिला,
पण नवीन माणसांसमोर ती आधी तेलुगूत विचार करते,
तेवढा वेळ थांबा.
सकाळपासून चार वेळा हात धुतलेले असतील,
तरी बोटांना तंबाखूचा वास येईल.
रोजच्या हजार विड्या, एकतीस वर्षं,
ताईचं हॉस्टेल, ताईची फी,
ताईचा तो पांढरा कोट, सगळं त्याच सुपातून.
हात पुढे केला तर हातात घ्या. नुसता नमस्कार करून
आत एसीकडे पळू नका.

ही शेवटची ओळ ताई खोडणार, मला माहीत होतं.

काल रात्री तिनं कागद वाचला, उभ्याउभ्या,
हातावर अर्धी मेंदी.
पास्ता ठेव म्हणाली. मंगलाष्टकांचं काढ, त्यांना लागेल.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग सुक्या हातानं माझं पेन घेतलं
आणि एकच आकडा दुरुस्त केला.
‘हजार नाही रे. बाराशे.’

मंगलाष्टकांचं काढायचं राहिलं.
पार्किंग हॉलच्या मागे.